गाडीला नजर लागत नाही, पट्टा सैल होतो

ज्यांचे पोट चार चाकांवर अवलंबून आहे अशी घरे आपल्या वस्त्यांमध्ये आता पुष्कळ झाली आहेत. कोणी शाळेची मुले ने-आण करतो, कोणी टॅक्सी चालवतो, कोणाचा भाजीचा टेम्पो आहे. गिरण्या गेल्या, कंपन्यांत कायमची नोकरी मिळेना, तेव्हा आपल्या तरुणांनी लायसन काढले, कर्ज काढले आणि जुनी का होईना, गाडी दारात आणून उभी केली. अशा घरात सकाळी गाडी सुरू झाली नाही तर ते नुसते गाडीचे दुखणे राहत नाही. त्या दिवशीची कमाई बुडते, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतोच.

कुटुंबाच्या पानावर गाडीचा विषय कशाला, असे एखाद्या भगिनीला वाटेल. पण ज्या घरची चूल गाडीवर पेटते, त्या घरात गाडी हा कुटुंबाचाच विषय आहे. गाडी बंद पडली की दागिना गहाण टाकायची वेळ बाईवर येते, आणि मुलाच्या क्लासची फी थांबते. म्हणून हा लेख घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा अशी आमची इच्छा आहे.

गाडी विचित्र आवाज करू लागली आणि एके दिवशी सुरूच होईनाशी झाली की लोक साधारणपणे दोन वाटांनी जातात. पहिली वाट लिंबू-मिरचीची. गाडीला नजर लागली, गाडी लाभत नाही, अमावस्येला नारळ फोडा, नंबर बदलून घ्या, असे सांगणारे दर चौकात भेटतात. दुसरी वाट शहाण्या माणसाची वाटते, पण ती पहिलीची सख्खी बहीण आहे. ती म्हणजे, बॅटरी बदलून बघू, नाही झाले तर सेल्फ बदलू, तेही नाही तर इंजिन खोलू. हे बघू, ते बघू, आणि प्रत्येक ‘बघू’ला हजारो रुपये. लिंबाला निदान दहा रुपयेच लागतात! दोन्ही वाटांवर एक गोष्ट कोणी करत नाही. हे का झाले, असे कोणी विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या मेहुण्याच्या ओम्नीच्या बाबतीत हे सारे आम्ही जवळून पाहिले. ओम्नीचे उत्पादन २०१९ सालीच बंद झाले, पण आपल्या भागात त्या गाड्या अजून धावताहेत. मेहुण्याचीही गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. सकाळी शाळेची मुले, सुट्टीच्या दिवशी लग्नाचे भाडे. कर्ज पतपेढीचे आणि त्याला जामीन आम्ही. त्यामुळे ती गाडी खोकली तरी आमच्या पोटात गोळा येतो.

महिना-दीड महिना ती गाडी सकाळी सुरू करताना चिरकत असे. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा ‘चीं’ असा आवाज यायचा आणि मिनिटाभरात थांबायचा. पावसाच्या दिवशी जास्त यायचा. गाडी धावते आहे म्हटल्यावर कोण लक्ष देतो? मग एका सोमवारी सकाळी सहाला मेहुण्याचा फोन आला. “दाजी, गाडी उठत नाही. काल रात्री तर बरी होती.” गॅरेजमध्ये नवी बॅटरी घातली. गाडी सुरू झाली. आठ दिवस बरी चालली आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच. चावी फिरवली की नुसते कट-कट-कट-कट.

गॅरेजवाल्याने या वेळी सांगितले, “सेल्फ गेलाय. इंजिनपण जड झालंय, खोलून बघावं लागंल. तीन दिवस गाडी ठेवा.” खर्च सांगितला तो दोन हप्त्यांएवढा. शाळेच्या मुलांचे आईबाप दुसरी गाडी बघू लागले. स्टँडवरच्या मित्रांनी नजर उतरवायचा सल्ला दिला. आमचा मेहुणा बुद्धविहारात दर रविवारी वंदनेला जाणारा माणूस, पण संकटात माणूस वाकतो. तो म्हणाला, “एवढे सगळे सांगतात तर एक लिंबू बांधायला काय जातंय?”

त्या वेळी आमच्या सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या, बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी ती गर्दी पाहिली. मान वर न करता त्या म्हणाल्या, “घरी आल्यावर तुझ्या पणजानं देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीला नेले. रडला म्हातारा, पण नेले. ते काय तू गाडीला लिंबू बांधावं म्हणून?” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि नुसतं लिंबू नको म्हणून गाडी चालू होणार हाय का? काय झालंय ते शोधा की.”

आम्हाला यातले दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. अंधश्रद्धा टाकली की काम संपले असे नाही. नजर लागली नाही हे ठरल्यावर मग काय झाले हे शोधण्याची जबाबदारी आपल्यावर येते. लिंबू टाकायला हिंमत लागते. कारण शोधायला मात्र डोळे, कान आणि धीर लागतो.

शोधले ते आमच्या भाचीने. मेहुण्याची थोरली मुलगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी ती घरी आली, वडिलांना म्हणाली, “पप्पा, आवाज कसा येतो ते तोंडानं करून दाखवा.” मेहुण्याने कट-कट-कट करून दाखवले, तेव्हा लहान भावंडे हसली. ती हसली नाही. तिने हेडलाइट लावायला सांगून चावी फिरवायला लावली. चावी फिरताच लाइट मिणमिणता होऊन जवळजवळ विझला. मग तिने मीटर काढला. चार-पाचशे रुपयांत मिळतो तसला साधा मीटर. बॅटरीच्या दोन टोकांना लावला. आकडा आला ११.६ व्होल्ट.

बारा व्होल्टची म्हणतात ती बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती अर्धी झालेली असते. १२ च्या खाली गेली की तिच्यात फारसा दम नाही असे समजावे. म्हणजे आठ दिवसांची नवी बॅटरी उपाशी होती.

“नवी आहे तर रिकामी का?” भाची स्वतःशीच म्हणाली. आमच्या मते सगळ्या दुरुस्तीची गुरुकिल्ली या एका प्रश्नात होती. तिने बोटावर तीन शक्यता मोजल्या. एक, बॅटरीच खराब निघाली. दोन, रात्री गाडी उभी असताना काहीतरी चालू राहून ती बॅटरी पीत आहे. तीन, दिवसा गाडी चालताना ती भरतच नाही. तिसरी शक्यता तपासायला सर्वांत सोपी, म्हणून तिने ती आधी घेतली. शेजारच्या टेम्पोची बॅटरी केबलने जोडून चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. “बघा पप्पा, सेल्फ चांगला आहे. इंजिन जड असतं तर असं उठलं असतं का?” दोन हप्त्यांचा खर्च तिथल्या तिथे निम्मा मेला.

आता केबल काढून, गाडी चालू ठेवून तिने पुन्हा मीटर लावला. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत डायनॅमो, बॅटरी भरत असतो. तेव्हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. इथे तो १२.१ होता आणि हळूहळू उतरत होता. म्हणजे बॅटरी भरत नव्हती. अल्टरनेटर बिघडला का? इथेही ती थांबली नाही. इंजिन बंद करून, सीट उचलून, बॅटरीच्या उजेडात तिने अल्टरनेटरला फिरवणारा पट्टा बोटाने दाबला. तो नको तितका खाली गेला. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत, चकचकीत झाली होती. सैल पट्टा चाकावरून घसरत होता. घसरताना जो चिरकायचा, तोच महिनाभर ऐकू येणारा मांजराचा आवाज. पाण्याने पट्टा आणखी घसरतो, म्हणून पावसात आवाज जास्त.

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा घालून तो योग्य तेवढा ताणून बसवला. खर्च काही शे रुपये. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून भरून आणली. गाडी सुरू केल्यावर मीटरने १४.२ दाखवले. त्यानंतर शाळेची मुले वेळेवर पोहोचू लागली.

वाचकहो, ही साखळी पुन्हा एकदा पाहा. पट्टा सैल झाला म्हणून अल्टरनेटर पुरेसा फिरेना. तो फिरेना म्हणून बॅटरी भरेना. बॅटरी भरेना म्हणून सेल्फला करंट पुरेना. करंट पुरेना म्हणून कट-कट. गॅरेजवाल्याने लबाडी केली असे आम्ही म्हणणार नाही. त्याने साखळीची शेवटची कडी धरली आणि तिलाच मूळ समजले. भगवान बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशावर तरी टेकून उभी असते आणि तो टेकू काढला की ती राहत नाही, असा त्याचा साधा अर्थ आहे. विहारात आपण हा शब्द ऐकतो आणि फार कठीण आहे म्हणून सोडून देतो. आमच्या भाचीने तो ओम्नीच्या सीटखाली उकलून दाखवला.

यंत्राचे ज्ञान आपल्या हाती येणे ही आपल्या समाजाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. कापडगिरण्यांत विणकामाचे खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपली थुंकी इतरांना बाटवी. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी रेल्वेचाही हाच हिशेब मांडला. आपला माणूस रुळांवर गँगमन म्हणून राबतो. रेल्वेच्या कारखान्यात तो हमालीच करतो, मिस्त्रीच्या जागेपर्यंत क्वचितच पोहोचू दिला जातो. म्हणजे यंत्राचे ओझे वाहायला आपण आणि यंत्र समजून घ्यायला दुसरे. त्या काळच्या आपल्या बापजाद्यांना जे पाना-पकड हातात घेऊ दिले नाही, ते आज आपल्या मुलीच्या हातात आहे. त्याचे मोल ओळखावे.

आता प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे थोडे सांगतो.

आवाज ऐकून काय ओळखावे

चावी फिरवल्यावर गाडी काय म्हणते, ते आधी शांतपणे ऐकावे.

काहीच आवाज नाही आणि समोरचे दिवेही लागत नाहीत, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल झाले आहे, गंजले आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर बहुधा दोष तिथेच आहे. दिवे झगझगीत लागतात पण सेल्फ अजिबात बोलत नाही, तर चावीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा एखादी तुटलेली वायर पाहावी. उंदीर वायरी कुरतडतात हेही ध्यानात ठेवावे. काही नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. ऑटोमॅटिक गाडीत गियर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये हवा.

कट-कट-कट असा भराभर आवाज येतो, तर बॅटरीत जोर कमी आहे किंवा जोडणी सैल आहे. सेल्फचा स्विच ओढला जातो, करंट पुरत नाही, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो, म्हणून असा आवाज होतो. इथे पुष्कळ जण फसतात. हेडलाइट लागतो म्हणजे बॅटरी चांगली, असे म्हणतात. हेडलाइटच्या एका दिव्याला साडेचार-पाच अँपिअर करंट पुरतो. सेल्फला छोट्या गाडीतसुद्धा शंभराच्या वर लागतो. घोटभर पाणी आहे म्हणून हंडा भरेल असे नाही.

एकच जाड ‘टक्’ होऊन सारे शांत होते आणि दिवे फारसे मंद होत नाहीत, तर सेल्फच्या आतले कार्बन किंवा त्याचे स्विचचे संपर्क झिजलेले असू शकतात. पण सेल्फ काढण्याआधी बॅटरीपासून सेल्फपर्यंतची जाड वायर आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर जरूर तपासून घ्यावी. गंजलेल्या एका नटामुळे चांगले सेल्फ भंगारात गेलेले आहेत.

‘सर्र’ असा पंख्यासारखा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, तर सेल्फ एकटाच फिरतो आहे आणि त्याचे दात इंजिनाला लागत नाहीत. ‘खर्र’ असे लोखंड घासल्यासारखे येते, तर सेल्फचे दात आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात नीट बसत नाहीत किंवा झिजले आहेत. असा आवाज येत असताना चावी पुन्हा पुन्हा फिरवू नये, उरलेले दातही जातात.

सेल्फ नेहमीसारखा फिरतो, इंजिनही फिरते, पण पेट घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ यांना दोष देऊ नये. इथे पेट्रोल पोहोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. इंजेक्शनच्या गाडीत चावी पहिल्या खटक्यावर आणली की टाकीच्या बाजूने दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पेट्रोलपंपाचा आवाज. तो नसेल तर तिथून शोध सुरू करावा. सीएनजीवरची गाडी असेल तर पेट्रोलवर करून पाहावी. समोर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी आपली चावी ओळखत नाही, दुसरी चावी लावून पाहावी. आणि इंजिन नेहमीपेक्षा हलके, भराभर फिरत असेल तर टायमिंगचा पट्टा तुटलेला असू शकतो. तेव्हा लगेच थांबावे. सेल्फ कधीही सलग पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती द्यावी.

१९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ आणला. त्याआधी पुढून लोखंडी हँडल मारूनच मोटारी सुरू होत. आपल्याकडे जुन्या फियाट आणि ॲम्बॅसेडरलाही हँडल लागे, आणि उलट फटका बसून मनगट मोडलेले क्लीनर जुन्या लोकांना आठवतील. सेल्फने ते कष्ट वाचवले, पण हाताला कळणारे दुखणे आता कानाने ओळखावे लागते एवढाच फरक.

जिवाला जपावे

बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो आणि आत गंधकाचे ॲसिड असते. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी. टर्मिनल काढताना आधी काळी म्हणजे निगेटिव्ह बाजू सोडवावी आणि बसवताना ती शेवटी बसवावी. पूड साफ करायला खाण्याचा सोडा घातलेले गरम पाणी आणि जुना ब्रश पुरतो. मग कोरडे करून, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना लाल केबल प्लसला प्लस जोडावी. काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. उलटे जोडले तर गाडीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकते.

पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर चावीला हात लावू नये. मुलांना खाली उतरवून सारे दूर जावे. आणि पुराचे पाणी इंजिनापर्यंत चढलेली गाडी कधीही सुरू करून बघू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सेल्फ मारला की आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि नुसत्या साफसफाईने सुटणारे काम इंजिनावर येते.

मिस्त्रीकडे जाताना

गाडी कधी बंद पडली, थंड असताना की तापल्यावर, पावसात की उन्हात, आधी कोणता आवाज येत होता, समोर कोणता लाल दिवा लागत होता, हे कागदावर लिहून न्यावे. आज प्रत्येकाकडे मोबाइल आहे, आवाज त्यात भरून घ्यावा, कारण गॅरेजच्या दारात गेल्यावर गाडी हमखास गप्प बसते. खोलण्याआधी खर्चाचा आकडा विचारावा. बदललेला जुना भाग परत मागावा. आणि मिस्त्रीने एखादा भाग गेला असे सांगितले की अदबीने एकच प्रश्न विचारावा, “दादा, कशावरून?”

चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. तो मीटर लावून दाखवतो, झिजलेला भाग हातात देतो. गॅरेजात राबणारी पुष्कळ पोरे आपल्याच घरांतली आहेत. लहान वयात शाळा सुटली, उस्तादाच्या शिव्या खात ती कामाला शिकली. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण त्यांनीही अंदाजावर गरिबाचा पैसा खर्च करायला लावू नये, असे आम्ही त्यांना भाऊ म्हणून सांगतो. समोरच्या गाडीवर कोणाचा तरी महिना उभा असतो.

केसमुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, स्वतः पारखून घ्या. आपण तो उपदेश ब्राह्मणी पोथ्यांना लावतो, ते योग्यच आहे. तो स्टँडवरच्या मित्राच्या सल्ल्याला, गॅरेजच्या बिलाला, दवाखान्यातल्या लांबलचक तपासण्यांना आणि पुढाऱ्याच्या भाषणालाही लावला पाहिजे. ‘कशावरून?’ हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी बसला तर त्यांना फसवणे कोणालाही सोपे जाणार नाही.

दहावी-बारावीनंतर मुलीला काय शिकवावे असा विचार ज्या घरांत चालू असेल, त्यांनी आयटीआयच्या यादीतली मोटार मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक ही नावे केवळ मुलांची म्हणून ओलांडून जाऊ नयेत. हात काळे होतात, हे खरे आहे. पण ते साबणाने निघतात. आणि ज्या विहारांना जागा आहे, त्यांनी महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर वस्तीतल्या जाणत्या मिस्त्रीला बोलवावे, एक मीटर घ्यावा आणि बाया-पोरांसह सर्वांना एका उभ्या गाडीवर एवढे तरी शिकवावे की १२.६ म्हणजे काय आणि १४ का हवे. दोनशे घरांच्या वस्तीत दहा जणांना हे कळले तरी पुरे.

जयभीम!